शंका घेणारा साधक

वाळपईहून डिचोलीला गेलात तर लामगावची लेणी जरूर पाहा. अनेक अभ्यासक ती मूळची बौद्ध मानतात. म्हणजे बुद्ध गोव्याला परका नव्हता, आपणच त्याला विसरलो होतो.

त्याची पुन्हा ओळख करून दिली ती साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी (जन्म १८७६). घरच्या देवधर्मात त्यांचे मन रमेना. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात बुद्धाचे चरित्र वाचले आणि ओढ लागली. १८९९ साली पत्नी व तान्ही मुलगी मागे ठेवून ते निघाले. त्या शंकेची किंमत घरच्यांनीही मोजली, हे विसरून चालणार नाही.

पुणे, ग्वाल्हेर, काशी. अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. बौद्ध धर्म शोधत नेपाळला गेले, तिथे निराशा पदरी आली. अखेर १९०२ साली सिलोनमध्ये श्रामणेर झाले.

पण शंका तिथे थांबली नाही. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही लाडकी कथाही त्यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात नाकारली. शाक्य आणि कोलिय यांच्यातले रोहिणी नदीच्या पाण्याचे भांडण हे कारण त्यांना पटले. ज्याच्यासाठी घर सोडले, त्याच्याबद्दलही त्यांनी डोळे मिटले नाहीत.

देवळात हात जोडताना मनात प्रश्न आला तर आपण घाबरतो. कोसंबी घाबरले नाहीत, आणि त्यांनी कुणाची टवाळीही केली नाही. ते अभ्यासाला बसले.