व्यसनाची गाठ : सुटते की सैल होते?

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. तो दारू सोडतो, नोकरीसाठी प्रतिष्ठितांच्या दारी जातो, अवहेलना पदरात घेऊन परततो आणि पुन्हा प्याला हाती धरतो. एकदा लागलेली दारू का सुटत नाही, याचे विवेचनही तोच करतो. महाराष्ट्राने त्या विवेचनाला पिढ्यान्‌पिढ्या दाद दिली. पण ते खरे आहे काय? व्यसनी मनुष्य पुरता बरा होतो काय? ज्यांच्या घरात हे दुःख शिरले आहे त्यांना हा निव्वळ वादविवादाचा विषय नव्हे. उपचार घेऊन परतलेल्या मुलाच्या हाती कपाटाची किल्ली द्यावी की न द्यावी, माहेरी आलेल्या लेकीने पुन्हा सासरी नांदायला जावे की न जावे, हे या एका उत्तरावर अवलंबून असते. म्हणून आपण तो प्रश्न इतिहासाला विचारून पाहू.

व्यसन हे पाप की रोग, येथून हा इतिहास सुरू होतो. शतकानुशतके मद्यपी म्हणजे पापी, आणि पापाला उपाय शिक्षा किंवा प्रायश्चित्त, अशी समजूत होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे फिलाडेल्फियाचे वैद्य बेंजामिन रश यांनी १७८४ साली कडक मद्याच्या परिणामांवर एक पुस्तिका लिहिली आणि अतिमद्यपान हा रोग होय, असा विचार मांडला. रोग म्हटला की बरे होण्याची आशा आली. आणि आशेबरोबर घाईही आली.

या घाईचे उदाहरण म्हणजे इंग्रज निबंधकार टॉमस डी क्विन्सी. अफूच्या व्यसनाचा आपला कबुलीजबाब त्याने १८२१ साली एका लंडनच्या मासिकात छापला आणि त्या शृंखलेतून आपण जवळजवळ सुटलो आहोत, असा त्याचा शेवट केला. वाचकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. अफूने मात्र त्याला सोडले नाही. तो पुनःपुन्हा तिच्याकडे वळला आणि १८५९ साली मरेपर्यंत ती त्याच्या सोबतीला होती. सुटल्याची द्वाही फिरवणे आणि सुटणे यांत अंतर असते, हा पहिला धडा.

दुसरा धडा बाल्टिमोरचा. १८४० साली तेथील एका गुत्त्यात बसणाऱ्या सहा पिणाऱ्यांनी दारू सोडण्याची शपथ घेतली आणि वॉशिंग्टनच्या नावाने एक मंडळ काढले. उपदेशकाने नव्हे, तर पूर्वीच्या दारुड्याने दारुड्याला हात द्यावा, ही त्यांची नवी कल्पना. बघता बघता हजारोंनी शपथपत्रावर सह्या केल्या. १८४२ साली स्प्रिंगफील्ड येथे त्यांच्यापुढे भाषण करताना तरुण अब्राहम लिंकन यांनी व्यसनी माणसाला दूषणे देण्यापेक्षा ममतेने जवळ करा, असे सांगितले. परंतु अवघ्या काही वर्षांत ही लाट ओसरली. शपथ एका संध्याकाळी घेता येते. ती पाळायची असते ती पुढच्या प्रत्येक संध्याकाळी. त्या पुढच्या संध्याकाळींची तजवीज मंडळाजवळ नव्हती.

ती तजवीज १९३५ साली ओहायोतील ॲक्रन गावी झाली. बिल विल्सन हा शेअरबाजारात वावरलेला गृहस्थ आणि बॉब स्मिथ हे शल्यवैद्य, दोघेही दारूने पोखरलेले, एकमेकांना भेटले आणि त्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही संघटना जन्मली. तिचे सदस्य वीस वर्षे थेंबाला शिवले नाहीत तरी 'मी बरा झालो' म्हणत नाहीत. 'मी मद्यासक्त आहे, पण आज प्यालो नाही' असे म्हणतात. निश्चय जन्माचा नसतो, त्या दिवसापुरता असतो. ही नम्रता अनेकांना तारून गेली. खुद्द विल्सन यांनी १९३४ नंतर दारू घेतली नाही. मात्र तंबाखूची संगत त्यांना वेळीच सुटली नाही आणि १९७१ साली फुप्फुसांच्या विकाराने त्यांचा अंत झाला. एक गाठ सुटली म्हणून सगळ्या सुटतात असे नाही.

मग जन्मभराचा रोगी हेच उत्तर समजायचे काय? येथे इतिहासाने एक अनपेक्षित साक्ष नोंदवली आहे. केंटकीतील लेक्सिंग्टन येथे १९३५ पासून अफू-हेरॉइनच्या व्यसनींसाठी सरकारी इस्पितळ होते. तेथून बाहेर पडलेल्यांपैकी बहुसंख्य लोक लवकरच पुन्हा व्यसनाकडे वळत. म्हणून १९७१ साली व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांत हेरॉइन बोकाळल्याचे उघड झाले, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये धास्ती पसरली. घरी जाण्यापूर्वी प्रत्येकाची लघवी तपासण्याचा हुकूम सुटला. परतलेल्यांचा माग काढण्याचे काम सेंट लुईच्या ली रॉबिन्स या विदुषीकडे आले. तिथे असताना सुमारे पाचांतला एक सैनिक व्यसनाधीन झाला होता, असे त्यांना आढळले. पण मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्या व्यसनाधीनांपैकी शेकडा ५ च्या आसपासच पुन्हा व्यसनात अडकले. तीन वर्षांच्या अवधीतही हे प्रमाण शेकडा १२ च्या घरात राहिले. यांतील बहुतेकांनी उपचारही घेतले नव्हते. अनेकांना हे आकडे प्रथम खरे वाटेनात.

फरक कशाने पडला? हे सैनिक तरुण होते, त्यांचे व्यसन थोड्या काळाचे होते, हे खरे. परंतु एवढ्याने उलगडा होत नाही. ते रान, ती भीती, तो कंटाळा, पावलोपावली स्वस्तात मिळणारी पूड आणि ओढणारे सोबती, हे सारे मागे राहिले. पुढे घर होते, काम होते, वाट पाहणारी माणसे होती. लेक्सिंग्टनचा रोगी मात्र इस्पितळातून निघून त्याच गल्लीत, त्याच नाक्यावर परत जाई. तरीही निराशा पुरती नव्हे. तेथून परतलेल्या न्यूयॉर्कच्या शंभर रुग्णांचा जॉर्ज व्हेलंट या मनोवैद्याने वीस वर्षे माग ठेवला. पहिल्याच वर्षी बहुतेक सारे घसरले होते. पण वीस वर्षांअखेर सुमारे एक तृतीयांश स्थिरपणे मुक्त झाले होते. बरेचसे मरणही पावले होते, हेही त्याच वहीत लिहिलेले आहे.

आमच्या मते या साऱ्यातून निघणारे उत्तर असे. 'पुरता बरा' याचा अर्थ ओढ कधीच उठू नये असा केला, तर तशी हमी कोणीही देऊ नये. दीर्घकाळ व्यसनात बुडालेल्याला एखादा वास, एखादे वळण वर्षांनंतरही हाक मारू शकते. पण व्यसनावाचून सुखाने, उपयोगी पडून, माणसांत मान ठेवून जगणे असा अर्थ केला, तर तसे असंख्य लोक जगले आहेत व जगत आहेत. घसरणे हा बहुधा वाटेतला खड्डा असतो, वाटेचा शेवट नव्हे. 'झाला बरा' म्हणून लक्ष काढून घेणे जितके घातक, तितकेच 'हा काय सुधारणार' म्हणून दार लावून घेणे घातक.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधारे 'मुक्तांगण' सुरू केले, तेव्हा रुग्णाबरोबर त्याच्या घरच्या माणसांनाही उपचारात सामावून घेण्यात आले. त्यात हेच शहाणपण होते. औषध शरीरातले विष उतरवते; पण गल्ली बदलण्याचे काम औषधाचे नव्हे. प्रत्येकाला व्हिएतनाम मागे टाकून विमानाने घरी येता येत नाही. ज्याला तीच गल्ली मिळायची, त्याच्यासाठी त्या गल्लीतली माणसे तरी निराळी वागली पाहिजेत. सुधाकर सोडू पाहत होता, त्या दिवशी त्याने ठोठावलेले दार उघडले असते, तर त्याचे पुढचे विवेचन त्याला करावे लागले असते काय? ते दार गावातील सभ्य माणसांचे होते, म्हणजे तुमचे-आमचे होते.