मांडव, कात्री आणि पट्टेरी वेलगुलाब

सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांतील घरबागांत आज दिसणारा पट्टेरी वेलगुलाब हा या भूमीचा मूळ रहिवासी नाही. लाल पाकळीवर पांढरे किंवा पिवळसर ओरखडे असलेली फुले देणारी आणि आधार मिळाल्यास दहा-बारा फुटांपर्यंत चढणारी ही जात थंड हवेतील पूर्वजांची संतती असून, उष्ण कटिबंधातील अंगणात ती रुजली ती माणसाने तिच्यासाठी कृत्रिम हिवाळा निर्माण केल्यामुळे. या हिवाळ्याचे साधन म्हणजे छाटणीची कात्री होय, आणि कृष्णाकाठच्या द्राक्षबागायतदाराच्या हातातही तेच साधन असल्यामुळे या गुलाबाचा येथील इतिहास केवळ शोभेच्या फुलांचा इतिहास राहत नाही.

प्रदेशाची रचना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. आजचा सांगली जिल्हा 1949 मध्ये दक्षिण सातारा या नावाने अस्तित्वात आला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यापूर्वी या भागात सातारा जिल्ह्याचे तालुके आणि सांगली, मिरज, जत, औंध अशा संस्थानांचे मुलूख एकमेकांत गुंतलेले होते. सह्याद्रीच्या माथ्यावर सुमारे 1,370 मीटर उंचीवरील महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर सांगली शहरात तो सहाशे मिलिमीटरच्या आसपास असतो आणि जत-आटपाडीकडे त्याहूनही कमी होत जातो. एकाच नदीच्या उगमाकडील आणि खालच्या अंगाच्या या दोन हवामानांत गुलाबाचे भाग्य साहजिकच वेगवेगळे घडले.

ब्रिटिशपूर्व काळात दख्खनमध्ये गुलाबाचे मोल ठरत असे ते सुगंधावरून, झुडपाच्या ठेवणीवरून नव्हे. आदिलशाही अमलाखालील मिरज असो वा पुढे पटवर्धनांची संस्थाने असोत, दरबारात आणि लग्नसमारंभात पानसुपारीबरोबर अत्तर-गुलाब देण्याची, गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडण्याची चाल रूढ होती. वैद्यांकडे गुलकंद होता आणि दर्ग्यांत व मठांत पाकळ्या वाहिल्या जात. ज्या गुलाबापासून उत्तम अत्तर निघते तो दमास्क गुलाब मात्र उत्तर भारतातील थंडीचा भुकेला आहे आणि वर्षातून मुख्यतः एकदाच बहरतो. दख्खनच्या उबदार पठारावर वारंवार फुले देणारा गुलाब हवा होता, आणि तो मिळाला एका दूरच्या बेटावरून.

हिंदी महासागरातील रेयुनियन बेटाला पूर्वी बूरबाँ म्हणत. तेथे शेताच्या कुंपणासाठी लावलेल्या चिनी आणि दमास्क गुलाबांचा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नैसर्गिक संकर होऊन एक नवा गट जन्माला आला. चिनी पूर्वजाकडून वर्षभर फुलण्याचा गुण आणि दमास्ककडून गंध घेतलेल्या या गटातील एदुआर नावाचा गुलाब भारतात एडवर्ड या नावाने पसरला आणि हारवाल्यांच्या टोपलीत व परसदारी असा काही मुरला की पुढच्या पिढ्यांनी त्याला गावठी गुलाबच मानले. विलायती जातींचे डोळे भरण्यासाठी खुंट म्हणूनही तो वापरला गेला. डोळा भरणे म्हणजे हव्या त्या जातीच्या फांदीवरील एक कळी सालीसह काढून काटक झाडाच्या सालीत बसवणे, आणि खुंट म्हणजे ते मुळे पुरवणारे काटक झाड. येथील गुलाबशेतीचा खरा पाया, विलायती नावांपेक्षाही, या खुंटाने घातला असे म्हटले पाहिजे.

विलायती जाती आल्या त्या वरच्या अंगाने. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या पुढाकाराने 1828 च्या सुमारास पुण्याजवळ दापोडी येथे सरकारी वनस्पतिउद्यान सुरू झाले, आणि 1829 मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याकडून वाईजवळील खंडाळा गावाच्या बदल्यात महाबळेश्वराची जागा घेऊन तेथे माल्कमपेठ वसवली गेली. या नव्या वस्तीत चिनी कैद्यांचा तुरुंग होता. 1864 मध्ये तो बंद होईपर्यंत या कैद्यांनी बटाटे आणि इतर भाज्यांचे मळे पिकवले आणि त्यांची आठवण आजही तेथील चायनामन धबधब्याच्या नावात टिकून आहे. थंड प्रदेशातील वनस्पती सह्याद्रीत लावून पाहण्याचा हा काळ होता. पुढे 1873 मध्ये गणेशखिंड येथे उद्यान स्थापन झाले आणि त्याचे अधीक्षक जी. मार्शल वुड्रो यांनी भारतातील बागकामावर लिहिलेला ग्रंथ बराच काळ प्रमाण मानला गेला. बंगल्यांच्या व्हरांड्यांवर मारेशाल नील या फिकट पिवळ्या वेलगुलाबाला याच काळात प्रतिष्ठा मिळाली.

परंतु थंड हवेतील गुलाब पठारावर रोपून भागत नाही. त्याला पानगळ आणि विश्रांती लागते, आणि ती सांगलीचा हिवाळा देत नाही. यावर देशी माळ्यांनी योजलेला उपाय फळबागांतील बहार धरण्याच्या जुन्या रीतीशी जुळणारा होता: पावसाळा ओसरल्यावर आळ्यातील माती काढून मुळे काही दिवस उघडी ठेवायची, पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, फांद्या छाटायच्या आणि मग कुजलेले खत भरून भरपूर पाणी द्यायचे. डाळिंबाचा किंवा लिंबाचा हस्त बहार धरणाऱ्या शेतकऱ्याला यातील तत्त्व समजावून सांगावे लागत नव्हते.

पाण्याची अडचण मात्र मोठी होती. जुन्या वाड्यांच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर केळ, अळू, जास्वंद आणि कर्दळ वाढत. गुलाबाला हे साबणमिश्रित, साचणारे पाणी मानवत नाही. आडाचे पाणी पोहऱ्याने काढून फुलझाडांना घालणे हे श्रीमंतांनाच परवडे आणि विहिरीवरील मोट पिकासाठी राखलेली असे. औंध संस्थानाने दिलेल्या निवडुंगाने भरलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, त्या कारखान्यातून नांगरांपाठोपाठ पंपही बाहेर पडू लागले, आणि तेल-इंजिन व वीज यांच्या जोडीने पाणी उपसण्याचे कष्ट कमी झाल्यावरच मध्यमवर्गीय घराभोवतीची बारमाही फुलबाग शक्य झाली. उद्योगाच्या इतिहासात ही गोष्ट नोंदली जाते. बागेच्या इतिहासातही तिला मानाचे स्थान द्यायला हवे.

याच पाण्याने तासगाव-मिरजेच्या पट्ट्यात द्राक्षमळे उभे केले. द्राक्षवेल हीदेखील थंड व समशीतोष्ण प्रदेशातील वनस्पती, आणि तिलाही येथे झोप लागत नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून नव्या काड्या तयार करून घ्यायच्या आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करून त्या काड्यांतून घड काढायचे, अशी दुहेरी पद्धत महाराष्ट्रात स्थिरावली. मांडवाच्या तारांवर ओलांडे आडवे बांधणे, म्हणजे मुख्य फांद्या जमिनीला समांतर नेणे, हा या पद्धतीचा गाभा आहे, आणि वेलगुलाबाचे मर्मही तेच आहे. सरळ वर जाणाऱ्या फांदीत शेंड्याचाच डोळा जोर धरतो आणि फुले फक्त टोकाला येतात. तीच फांदी आडवी वाकवून बांधली की तिच्या प्रत्येक डोळ्यातून आखूड फुटवा निघतो आणि त्यावर कळ्या येतात. सांगलीकडचा बागायतदार आपल्या दारातील कमानीवर गुलाब चढवताना इंग्रजी पुस्तकाऐवजी मळ्यातील अनुभवावर विसंबू शकतो, ही या प्रदेशाची खास मिळकत आहे.

द्राक्ष आणि पट्टेरी गुलाब यांचे नाते आणखी एका ठिकाणी जुळते, आणि तेथे अधिक थांबणे योग्य ठरेल. झाडाच्या एखाद्याच कळीतील पेशीत आनुवंशिक बदल होतो आणि त्या कळीतून वाढलेली फांदी उरलेल्या झाडापेक्षा निराळी निघते. याला मुकुल-उत्परिवर्तन म्हणतात. तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉम्सन सीडलेस या जातीच्या वेलींतून निराळी वेल हेरून निवडली, ती तास-ए-गणेश या नावाने राज्यभर लागली. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस या जाती अशाच निवडीतून दिल्या. प्रयोगशाळेशिवाय, रोजच्या नजरेच्या बळावर झालेले हे संशोधन आहे, आणि त्याला विद्यापीठीय संशोधनाच्या बरोबरीचा मान मिळाला पाहिजे.

पट्टेरी गुलाबाची सारी परंपरा अशाच नजरेतून आली. युरोपातील रोझा मुंडी हा सोळाव्या शतकापासून परिचित असलेला गुलाब एका एकरंगी गालिका गुलाबाच्या बदललेल्या फांदीतून निपजला, आणि आजही त्याच्यावर मधूनच मूळ एकरंगी फूल उमलते. हा गुलाब वर्षातून एकदाच, तेही थंडीनंतर, फुलत असल्याने सांगलीच्या उपयोगाचा नव्हता. बदल घडला तो फ्रान्समधील फर्दिनां पिशार या 1921 च्या पुनःपुन्हा फुलणाऱ्या पट्टेरी गुलाबामुळे; त्याला काही जाणकार एडवर्डच्याच बूरबाँ गटात धरतात. कॅलिफोर्नियातील राल्फ मूर यांनी त्याचा संकर छोट्या गुलाबांशी करून 1975 च्या सुमारास स्टार्स अँड स्ट्राइप्स ही जात काढली, तिच्या वंशातून न्यूझीलंडच्या सॅम मॅकग्रेडींचा रोलर कोस्टर आला, आणि रोलर कोस्टरचा संकर आल्तिसिमो या लाल वेलगुलाबाशी करून टॉम कॅरुथ यांनी 1999 मध्ये फोर्थ ऑफ जुलै ही पट्टेरी वेलजात अमेरिकेत आणली. तेथील अखिल अमेरिकी गुलाब निवड पुरस्कार तेवीस वर्षांनंतर एखाद्या वेलगुलाबाला मिळाला तो हिच्यामुळे.

भारतातही पट्टे आले, पण निराळ्या वाटेने. गव्हाच्या तांबेराप्रतिकारक जातींसाठी विख्यात असलेले डॉ. बी. पी. पाल हे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे संचालक असतानाच गुलाबाचेही संकर करीत होते. त्यांचा भारतातील गुलाबावरील ग्रंथ 1966 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच संस्थेत 1970 च्या दशकात किस ऑफ फायर या जातीवर गॅमा किरणांचा मारा करून अभिसारिका ही पट्टेरी जात मिळवण्यात आली, म्हणजे निसर्गात योगायोगाने होणारा बदल येथे हेतुपूर्वक घडवला गेला. कोडाईकनालचे एम. एस. वीरराघवन यांनी मणिपूरकडील रोझा जायगँटिया आणि पाणथळ जागी वाढणारा रोझा क्लिनोफिला या भारतीय रानगुलाबांपासून उष्ण हवेसाठी गुलाब घडवण्याचा ध्यास घेतला. उष्ण कटिबंधाने थंड प्रदेशाच्या उरल्यासुरल्या जातींवर भागवू नये, ही त्यांची भूमिका अगदी योग्य आहे.

वेलपणाचे रहस्य 2012 मध्ये जपानी व फ्रेंच संशोधकांनी उलगडले. वर्षातून एकदाच फुलणाऱ्या गुलाबात फुलोरा रोखून धरणारे एक जनुक असते. चिनी गुलाबात त्या जनुकात शिरलेल्या एका उडत्या जनुकतुकड्याने ते निकामी झाले, म्हणून तो सतत फुलतो, आणि हा तुकडा बहुतांशी निघून गेला की झुडूप पुन्हा लांब फांद्या टाकू लागते व फुले कमी देते. त्याच अभ्यासात रानटी स्ट्रॉबेरीच्या सतत फुलण्यामागेही याच जनुकाचा बिघाड आढळला. झुडूपगुलाबाच्या बदललेल्या फांदीपासून मिळालेला वेलगुलाब फार जोराने छाटल्यास पुन्हा झुडूप होऊ शकतो, म्हणून पहिली दोन वर्षे त्याच्या मुख्य फांद्यांना कात्री लावू नये, हा जुन्या माळ्यांचा नियम शहाणपणाचा आहे.

सांगलीच्या घरबागेत हे सारे ज्ञान काही नेमक्या कृतींत उतरते. काळ्या कसदार मातीत पाणी साचते आणि गुलाबाची मुळे गुदमरतात, म्हणून दोन फूट खोल खड्ड्यात तांबडी माती, वाळू व कुजलेले शेणखत भरून आळे थोडे उंच करावे लागते. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली तेव्हा दिवसेंदिवस पाण्याखाली राहिलेल्या नदीकाठच्या भागांत तर उंचवट्याशिवाय गत्यंतर नाही. वेल पूर्वेच्या भिंतीवर चढवावी, कारण कडक उष्णतेत पाकळ्यांतील लाल रंगद्रव्य कमी तयार होते आणि एप्रिल-मेमध्ये पट्टे फिके पडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात तीच वेल खरे रंग दाखवते. ऑक्टोबरच्या मध्यात बाजूचे फुटवे दोन-तीन डोळ्यांवर छाटल्यास साधारण दीड महिन्यात बहर येतो. कापलेल्या टोकांना मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावली की शेंडेमर, म्हणजे टोकाकडून फांदी वाळत येण्याचा रोग, आटोक्यात राहतो. भुरीची पांढरी बुरशी गुलाबावर दिसली की ती द्राक्षावर जाईल अशी भीती काहींना वाटते; प्रत्यक्षात दोन्ही रोगांच्या बुरशी वेगवेगळ्या आहेत आणि एकीचा उपद्रव दुसऱ्या पिकाला होत नाही. खुंटाच्या बुडातून निघणारे रानफुटवे तातडीने मुळापासून काढावेत, आणि ज्या फांदीवर सगळीच फुले एकरंगी येऊ लागतात ती फांदीही काढावी, कारण ती बहुधा अधिक जोमदार असते आणि काही हंगामांत पट्टेरी फांद्यांना मागे टाकते.

याच्या उलट, एखाद्या फांदीवर आजवर न पाहिलेला रंग किंवा पट्टा दिसला तर बागकाम करणाऱ्या वाचकाने तिला ऑक्टोबरच्या छाटणीत कापून टाकू नये; तिला दोरा बांधून ठेवावा, डिसेंबर-जानेवारीत तिचे डोळे दोन-तीन खुंटांवर भरावेत आणि किमान दोन बहर तो गुण टिकतो की नाही हे तारखांसह वहीत लिहून ठेवावे.