हिणकसाला नाव सुरतेचे

1863 च्या मे महिन्यात लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये बदनामीच्या एका खटल्याची हकिगत छापून आली. फिर्यादी होते बिअर बनवणारे. कुणीतरी जाहिरात देऊन त्यांच्यापासून सावध राहायला सांगितले होते आणि त्यांचा उल्लेख ‘सुरत’ बिअरवाले असा केला होता. त्या एका शब्दाने धंदा बसला म्हणून ते कोर्टात गेले. त्यांच्या पिंपात सुरतेचे काहीही नव्हते. पण लँकशायरच्या गिरणगावांत तेव्हा ‘सुरत’ हे विशेषण होऊन बसले होते. भेसळीचा, हलका, ऐन वेळी दगा देणारा कोणताही माल म्हणजे सुरत. पुढे हॉटनच्या इंग्रजी बोलभाषेच्या कोशात याच खटल्याच्या दाखल्यासह हा शब्द नोंदला गेला.

हा शिक्का मुळात बसला होता कापसावर. आणि ज्या कापसावर बसला त्यात वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचाही कापूस होता.

हिंदुस्थानातून इंग्लंडला जाणारा कापूस एके काळी सुरत बंदरातून निघे. बंदर मागे पडले, मुंबई पुढे आली, तरी लिव्हरपूलच्या बाजारात नाव तेच राहिले. धोलेरा, भडोच, उमरावती, हिंगणघाट अशी पोटनावे दलालांना पाठ असत. भावही वेगवेगळे लागत. गिरणीत साच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला मात्र गाठीचे गाव कळत नसे. त्याच्या हाताखाली येई ते सगळे सुरतच.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली. लँकशायरच्या गिरण्या तोवर मुख्यतः अमेरिकी कापसावर चालत. साच्यांतल्या रुळांमधले अंतर, त्यांचा वेग, धाग्यावर येणारा ताण, सगळे त्या लांब धाग्याच्या बेताने बसवलेले. त्यात आखूड धाग्याचा, माती-पाचोळा मिसळलेला कापूस घातला की सूत पदोपदी तुटे. विणकराला मजुरी मिळे ती विणलेल्या कापडावर, तुटलेले धागे सांधण्यात गेलेल्या वेळावर नाही. दिवसभर राबूनही हातात पहिल्यापेक्षा कमी पैसे पडत. सॅम्युएल लेकॉक नावाच्या लँकशायरी कवीने त्यांच्याच बोलीत ‘सुरत विणकर’ अशा नावाची कविता लिहिली. देवाकडे कापूस मागताना ‘सुरत नको’ अशी पुस्ती जोडली गेल्याची आख्यायिका तिकडे अजून सांगतात. अर्धपोटी माणसांचा तो राग खरा होता. तो ज्याच्या नावावर जमा झाला, त्याचा दोष मात्र नीट तपासायला हवा.

दोष दोन प्रकारचे होते आणि इंग्रजी विशेषणाने ते एकत्र कालवले. पहिला दोष घाणीचा. वजन वाढवायला सरकी, माती, पाणी मिसळण्याचे प्रकार होत, हे कुणी नाकारत नाही. मुंबई सरकारने 1829 मध्येच त्याविरुद्ध कायदा केला होता आणि 1863 मध्ये, त्या बिअरवाल्यांच्या खटल्याच्याच वर्षी, आणखी कडक कायदा केला. पण ही भेसळ मुख्यतः शेतात होत नव्हती. शेतकरी सावकाराच्या पैशाला बांधलेला असे, त्याचे पीक बहुधा उभे असतानाच गहाण पडलेले. त्याच्या अंगणातून निघालेला कापूस किती हातांतून फिरला आणि वाटेत त्याचे काय काय झाले, याच्याशी त्याचा संबंध उरत नसे. शिवाय वाट लांबची. मुंबई ते वर्धा हे अंतर आज लोहमार्गाने सुमारे साडेसातशे किलोमीटर भरते. तेव्हा तेवढी मजल बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांवर मारावी लागे, धूळ खात आणि अवकाळी पाऊस झेलत.

दुसरा दोष धाग्याच्या दुबळेपणाचा. आणि इथेच हिंगणघाटचे प्रकरण वेगळे आहे.

वेणा नदीच्या काठच्या या गावाने ज्या कापसाला आपले नाव दिले तो ‘बनी’. देशी जातीचा, मऊ, रेशमासारखा उजळ, धागा जवळजवळ इंचभर. देशी कापसांत याच्या तोडीचे फार थोडे. वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा काढला गेला 1862 मध्ये, पालकवाडीच्या जागी वर्धा शहर आखले गेले 1866 मध्ये, आणि त्याच्या दुसऱ्या वर्षी रेल्वे नागपूरला पोचली. म्हणजे जिल्हा, शहर आणि आगगाडी या तिन्हींच्या आधीपासून हिंगणघाटच्या बनीचा लौकिक होता. त्या लौकिकामुळेच दुसरीकडचा हलका कापूस ‘हिंगणघाट’ म्हणून खपवला जाऊ लागला. एकीकडे सुरतेच्या नावाने बदनामी आणि दुसरीकडे हिंगणघाटच्या नावाने तोतयेगिरी, अशा दोन्ही बाजूंनी बनी सापडला.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी सरकारने कापूस आयुक्त नेमला, हॅरी रिव्हेट-कारनॅक. या अधिकाऱ्याचा भर बियाण्याच्या शुद्धतेवर होता. हिंगणघाटचे निवडक बी राखावे, इतर जातींत मिसळू देऊ नये, असा त्याच्या खात्याचा खटाटोप चालू होता. अमेरिकेतले युद्ध 1865 मध्ये संपले, भाव कोसळले आणि लिव्हरपूलची नजर पुन्हा अमेरिकेकडे वळली. शुद्ध बियाण्याची ही काळजी वाहणाऱ्यांना एका प्रश्नाचे उत्तर मात्र देता आले नाही: शेतकऱ्याने बनी पेरावाच का?

या प्रश्नापाशी थोडे थांबायला हवे, कारण पुढचा सगळा इतिहास याच प्रश्नातून निघाला. बनीची पऱ्हाटी नाजूक. उतारा कमी. चार शेर कापूस वठला तर रुई जेमतेम शेरभर, बाकी सगळी सरकी. त्याच्या शेजारी ‘जरी’ नावाचा दुसरा देशी कापूस होता. धागा आखूड आणि खरखरीत, पण झाड काटक. पाऊस पुढेमागे झाला तरी तग धरणार, पीक लवकर हाती देणार, बोंडे भरपूर आणि रुईचा उताराही जास्त. बाजारात दोघांच्या भावातला फरक इतका नव्हता, की बनीने एकरी होणारी तूट भरून निघावी. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिऱ्हाईक बदलले. मुंबईच्या गिरण्या जाडे सूत कातून चीनकडे पाठवत होत्या आणि जपानही आखूड धाग्याचा कापूस उचलू लागला होता. त्यांना जरी चालत होता. हिंगणघाटला 1881 मध्ये सूतगिरणी उभी राहिली, नंतर पुलगावलाही. पण आर. व्ही. रसेलने 1906 मध्ये वर्धा जिल्ह्याचे गॅझेटिअर सिद्ध केले, तोवर शिवारात जरीने बनीला हटवले होते. पुढे सरकारी शेतकी खात्यानेही ‘रोझियम’ या जाड्या धाग्याच्या, पण भरघोस रुई देणाऱ्या जातीचा प्रचार केला.

सरकारी कागद याला कापसाची अधोगती म्हणतात. गिरणीच्या चष्म्यातून ती अधोगतीच होती. बांधावरून पाहिले तर चित्र उलटे दिसते. धाग्याने सरस असलेला बनी शेतात दुबळा होता आणि धाग्याने दुबळा ठरलेला जरी शेतात खंबीर. ‘दुबळा’ हे विशेषण झाडाला लावायचे की धाग्याला, हे ठरवण्याचा अधिकार खरेदीदाराने स्वतःकडे ठेवला आणि जोखीम शेतकऱ्याकडे दिली. शेतकऱ्याने आपल्या जोखमीचा हिशेब केला आणि जरी पेरला. त्यात अडाणीपणा काडीचाही नव्हता.

शब्दांचा प्रवासही इथे पाहण्याजोगा आहे. इंग्रजीतला ‘वीक’ हा शब्द ज्या जुन्या धातूपासून आला त्याचा अर्थ वाकणारे, मऊ. ‘फीबल’ हा ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ रडू यावे असे. मराठी व्यापारी भाव उतरले की ‘बाजार नरम आहे’ म्हणतो, तिथेही मऊपणातूनच दुबळेपणा आला. पण दर्जा ठरवण्याचा मराठीचा मुख्य शब्द मऊपणातून आलेला नाही. तो आला सोनाराच्या दुकानातून. ‘कस’ म्हणजे कसोटीच्या दगडावर उमटलेली रेघ. तिच्यावरून सोने पारखायचे. ज्याचा कस हीन तो हिणकस. हाच कस मराठी माणूस जमिनीला लावतो, धान्याला लावतो, माणसाला लावतो.

आणि वर्ध्यात तो सुताला लागला.

विनोबा 1921 मध्ये वर्ध्याला आले. गांधीजींनी 1934 मध्ये मगनवाडीत मुक्काम हलवला आणि 1936 मध्ये ते शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले. या वर्षांत वर्धा आणि आसपासच्या गावांत हातसुताची जी चिकित्सा झाली, तिला तोड नाही. त्याआधी 1924 मध्ये काँग्रेसच्या प्रतिनिधींनी दरमहा 2000 वार सूत कातून द्यावे असा ठराव झाला, तेव्हाच त्यात सूत सारखे आणि नीट पिळाचे असावे अशी अट होती. कारण तेव्हाचे बरेचसे हातसूत विणकराच्या मागावर टिकतच नव्हते. उभ्या ताण्यात लावले की तुटे. लँकशायरच्या विणकराची जी व्यथा होती, तीच इथल्या विणकराचीही.

फरक पुढच्या पावलात होता. इथे सूत तुटले म्हणून कापसाला शिवी दिली गेली नाही. तुटले का, हे शोधले गेले. हातसूत मोजायची रीत अशी: चार फुटांचा एक तार, 160 तारांची एक लटी, चार लट्यांची म्हणजे 640 तारांची एक गुंडी. गुंडीच्या वजनावरून सुताचा अंक निघे. मग पाहायची समानता, म्हणजे धागा कुठे जाड कुठे बारीक आहे का. आणि शेवटी कस, म्हणजे किती वजन लटकवले की धागा तुटतो. कस उतरला तर कारणे मागे मागे तपासत जायचे. पीळ कमी पडला का? पेळू नीट झाला नव्हता का? रुई पिंजताना धागे तुटले का? वेचताना कच्चे बोंड, पानाचा चुरा आत आला का? एकेरी धागा कमीच पडत असेल तर दोन धागे एकत्र पिळून दुबटा करावा, यावर पुढच्या काळात भर दिला गेला. विनोबांनी कातण्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि नालवाडीत निव्वळ सूतकताईच्या मजुरीवर जगून पाहिले. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तिच्यातून नयी तालीमचा अभ्यासक्रम आला, आणि सुताचा अंक आणि कस काढणे हा शाळकरी मुलांच्या गणिताचा भाग झाला.

30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते खुले झालेले मगन संग्रहालय वर्ध्यात आजही आहे. चरखे, पिंजणी, तकल्या तिथे पाहायला मिळतात. गोपुरीचे ग्रामसेवा मंडळ खादीचे काम करते. वर्ध्याला जाणाऱ्याने सेवाग्रामची बापू कुटी पाहून परत न फिरता या दोन जागांसाठी अर्धा दिवस राखावा. चातीवरून निघणारा धागा दोन बोटांत धरून पाहिला, की पीळ कमी पडल्यावर तो कसा विसकटत सुटतो आणि बेताचा पीळ बसला की कसा ताठ होतो, हे क्षणात कळते. ‘कस’ हा शब्द पुस्तकातून समजायला याहून खूप जास्त वेळ लागतो.

दरम्यान शिवार पुन्हा पालटले. आखूड धाग्याचे देशी वाण मागे सरले, अमेरिकी जातीचे लांब धाग्याचे संकरित वाण आले, 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. आता दुबळेपणाचा शब्द आहे ‘कवडी’. बोंड नीट उमलत नाही, आतला कापूस पिवळा पडून घट्ट चिकटून राहतो, तो कवडी. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात थैमान घातले, तेव्हा वेचणाऱ्या बायांच्या ओट्यात चांगल्या कापसाबरोबर कवडीच अधिक येत होती. अळीने पोखरलेल्या बोंडातला धागा डागाळतो आणि कमजोरही होतो. झाडाचा दोष, अळीचा दोष, बियाण्याचा दोष की हंगामानंतरही पीक उभे ठेवून फरदड घेणाऱ्याचा दोष, यावर तज्ज्ञांनी चर्चा केल्या. बाजारात त्या सगळ्याचा एकच अर्थ झाला: भाव पाडा.

दीडशे वर्षांपूर्वीच्या बनीवाल्या शेतकऱ्याची अडचण आजही तशीच शिल्लक आहे. धाग्याची लांबी, ताकद आणि तलमपणा मोजणारी यंत्रे आली आहेत, पण ती मोजणी होते रुईची, गाठ बांधल्यावर. यार्डात गाडी लागते तेव्हा व्यापारी मूठभर कापूस उचलतो, चिमटीत धरून ओढतो, सरकी दाताखाली फोडून ओल पाहतो आणि बोली लावतो. रुईचा उतारा किती, धाग्याचा कस किती, हे त्या वेळी कुठेच लिहिले जात नाही. गाठीचा अहवाल तयार होतो तोवर शेतकरी पट्टी घेऊन गावी परतलेला असतो.