मांजरीचं परहेज

गेल्या पावसाळ्यात आमच्या शब्बोने मान आणि गाल खाजवून रक्त काढलं. अम्मीने लगेच निकाल दिला, नवीन पाकिटातल्या दाण्यांनीच हे झालं. डॉक्टरांनी आधी पिसवा आहेत का ते पाहिलं, मग विचारलं, रोज काय खाते? मी म्हटलं, चिकन, तीन वर्षं तेच. ते म्हणाले, मग पहिला संशय चिकनवरच.

हे खरं तर आम्हा पिंपरीकरांना आधीच सुचायला हवं होतं. 1954 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने इथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पेनिसिलिन बनवण्यासाठी. इंजेक्शनआधी हातावर थोडंसं औषध टोचून बघायचं, का तर 'रिअ‍ॅक्शन' येईल म्हणून. पहिल्या वेळी काहीच न झालेल्या माणसालाही पुढच्या वेळी ती येऊ शकते.

व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने नेमकं हेच पाहिलं होतं. घटसर्पावर घोड्याच्या रक्तातलं सीरम देत. दुसऱ्यांदा दिलं की काही मुलांना लवकर आणि जोरात त्रास होई. आधीच्या ओळखीमुळे शरीराचं वागणं बदलतं, या अर्थाने त्याने 1906 मध्ये 'अ‍ॅलर्जी' हा शब्द घडवला. (माझ्या वर्गात मुलांना गणिताचीही अ‍ॅलर्जी असते.) मांजरीला दुधाने जुलाब होतात ते बहुधा वेगळं: मोठेपणी दूध पचत नाही, इतकंच. अ‍ॅलर्जीत शरीर अन्नातल्या प्रथिनाला शत्रू समजतं. मांजरींत गोमांस, मासे आणि चिकन यांची नावं सर्वांत जास्त येतात.

रक्ततपासणीवर इथे भरवसा ठेवता येत नाही. उपाय जुनाच, हकीमसाहेबांचं परहेज, मराठीत पथ्य. फरक एवढाच की इथे परहेज हीच तपासणी. आठ आठवडे असं अन्न, जे तिने कधी खाल्लेलं नाही. मटण चाललं असतं, पण बकरी ईदला तिने तेही चाखलेलं! शेवटी प्रथिनं बारीक तोडलेलं खास खाद्य आणलं. इतके बारीक तुकडे शरीर सहसा ओळखत नाही. मात्र उपाशी ठेवायचं नाही, मांजर दोन-तीन दिवस जेवली नाही तर यकृतावर येतं.

तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी प्रेमाने सुका बोंबील दिला. मोजणी पुन्हा एकपासून.

मानेवर केस आले. मग खात्रीसाठी मुद्दाम चिकन दिलं. चौथ्या दिवशी शब्बो परत खाजवू लागली, तेव्हा कुठे अम्मीने दाण्यांना माफ केलं.