विद्यार्थी कोणासाठी शिकतो?

काशीच्या पंचगंगा घाटावर आलमगीर मशिदीच्या शेजारी बिंदुमाधवाचे मंदिर आहे. ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधले. घाटाला लागून असलेल्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट या वस्त्यांत मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली. घरदार सोडून, महिनोन्‌महिने चालून, येथे येणारा विद्यार्थी कशाच्या बळावर शिकत असेल?

ज्ञानाची ओढ, हे उत्तर खरे, पण अपुरे. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीस आले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट. नारायणभट्टांचे नातू कमलाकरभट्ट यांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ साली पूर्ण झाला. आणि पणतू गागाभट्ट १६७४ साली रायगडी शिवराज्याभिषेकाचे आचार्य झाले. अशा घरातला मुलगा पोथी उघडी तेव्हा पूर्वजांचा लौकिक त्याच्या पाठीशी उभा असे. घराणे नसलेल्या मुलाला गुरुगृह असे. गुरू विद्येचे मोल घेत नसत, अन्नछत्रात पोटाची सोय होई. त्या उपकाराची उतराई अध्ययनानेच करावयाची. संथा सर्वांनी मिळून म्हणावयाची. एकाचा स्वर चुकला की सहाध्यायी सावरून घेत. सभेत उत्तर अडले, तर मान गुरूची खाली जाई.

अर्डन व मेहर या अमेरिकन अभ्यासकांनी १९९५ साली हेच शास्त्रीय परिभाषेत मांडले. विषय आत्मसात करणे आणि इतरांहून सरस ठरणे, या दोनच हेतूंनी विद्यार्थ्याची प्रेरणा उलगडत नाही. आपल्या माणसांचा विश्वास राखणे, त्यांच्यात आपले स्थान असणे, हे सामाजिक हेतूही तितकेच विचारात घ्यावे लागतात.

परंतु, श्रोतेहो, ‘आपली माणसे’ कोण, हे ठरविणार कोण? याच घाटाची आख्यायिका आहे. विणकराघरच्या कबीराला रामानंदांचे शिष्यत्व हवे होते. ते सरळ मिळेना, म्हणून पहाटेच्या अंधारात तो पायरीवर आडवा झाला; रामानंदांचा पाय लागला, मुखातून रामनाम निघाले, तोच त्याने गुरुमंत्र मानला. कथा इतिहास असो वा नसो, तिच्यातली वेदना खरी आहे. जे आपलेपण आतल्या मुलाला बळ देते, तेच बाहेरच्या मुलाला पायरीवर ठेवते.

औंध ज्या साताऱ्याच्या मुलखात आहे, तेथेच या प्रश्नाला एक उत्तर मिळाले. भाऊराव पाटलांनी १९२४ साली सातारा शहरात वसतिगृह काढले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राबू लागली, एका पंगतीत जेवू लागली. त्यांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या मुलांनाही कोणाचे तरी ऋण फेडावयाचे होते, सोबत्यांना तोंड दाखवावयाचे होते. गुरुगृहाची प्रेरणा तीच राहिली. दार मात्र रुंद झाले.

म्हणून वर्गात मागे बसलेला मुलगा आळशी आहे, असा निर्णय देण्यापूर्वी, या शाळेत तो कोणाचा आहे, हे शिक्षकाने एकदा पाहावे.