चित्रें आणि मित्र

श्रीमंतांच्या घरीं चित्रें असतात, यांत नवल तें काय? भिंतीला शोभा यावी, पाहुण्यांनीं दोन कौतुकाचे शब्द बोलावे आणि घरधन्यानें ते प्रसन्न मुद्रेनें ऐकावे, एवढेंच पुष्कळ चित्रांचें आयुष्य. परंतु आज ज्या चित्रांची हकीकत सांगावयाची आहे, त्यांचें नशीब निराळें होतें. एका जगप्रसिद्ध संग्रहालयानें त्यांना आसरा नाकारला. तीं एका खेड्यांतल्या कोठारांत लपून राहिलीं. आणि अखेर चादरी-घोंगड्यांबरोबर घरगुती सामान म्हणून समुद्रापार गेलीं. त्यांच्या मालकीणबाईंचें नांव पेगी गुगेनहाइम. ही हकीकत ऐकतांना श्रोत्यांनीं एक प्रश्न मनाशीं बाळगावा. अडचणींत सांपडलेल्या कलावंताची कृति पडत्या किंमतीला घेणें, याला आश्रय म्हणावें कीं सौदा?

पेगीबाईंचा जन्म १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें एका धनाढ्य ज्यू घराण्यांत झाला. खाणी आणि धातु गाळण्याचे कारखाने यांवर या घराण्यानें अपार पैसा मिळविला होता. परंतु बाईंचे वडील बेंजामिन यांनीं भावांच्या धंद्यांतून अंग काढून घेतलें होतें, आणि १९१२ सालीं ‘टायटॅनिक’ बोटीबरोबर तेही समुद्रांत गेले. १९१९ सालीं, एकवीस वर्षें पूर्ण होतांच, बाईंच्या हातीं सुमारें साडेचार लाख डॉलर आले. सामान्य माणसाला ही कुबेराची दौलत; त्या घराण्याच्या मानानें मात्र बेताचीच. पुढें त्या पॅरिसला आल्या. लॉरेन्स व्हेल या लेखक-चित्रकाराशीं लग्न झालें, दोन मुलें झालीं, आणि लग्न मोडलें. पण चित्रकार व लेखक यांच्या बैठकींत त्यांची जी ऊठबस सुरू झाली, ती कायमची.

त्या बैठकींत एक नवा पंथ गाजत होता. १९२४ सालीं आंद्रे ब्रेतों या कवीनें जाहीरनामा काढून अतिवास्तववादाची द्वाही फिरविली. जागेपणीं मनावर बुद्धीचा जो पहारा असतो तो स्वप्नांत उठतो, आणि त्या वेळीं जें दिसतें तेंच अधिक खरें, असें या मंडळींचें म्हणणें. म्हणून इव्ह तांगीच्या चित्रांत समुद्रतळासारख्या ओसाड मैदानावर नांव नसलेल्या वस्तूंच्या लांब सावल्या पडतात. पॉल डेल्व्होच्या एका चित्रांत स्त्रियांचे देह कमरेखालीं झाडांचे बुंधे होतात. आणि मागरीतच्या चित्रांत भरदिवसाच्या निळ्या आभाळाखालीं घराच्या दारांत रात्रीचा दिवा जळत असतो. या तिन्ही चित्रकारांच्या अशा कृति पुढें बाईंच्या संग्रहांत आल्या.

बाईंना आरंभीं या कलेंतलें फारसें कळत नव्हतें, हें त्यांनीं स्वतःच कबूल केलें आहे. मार्सेल द्युशां हा चित्रकार त्यांचा गुरु. त्याच्या सल्ल्यानें जानेवारी १९३८ मध्यें त्यांनीं लंडनच्या कॉर्क स्ट्रीटवर ‘गुगेनहाइम ज्यून’ हें चित्रदालन उघडलें. त्याच वर्षीं ब्रांकुसी, आर्प इत्यादिकांचीं शिल्पें मागविलीं, तेव्हां जकातीचा तंटा उभा राहिला. कलाकृति असेल तर जकात माफ, नुसता दगड असेल तर भरावी लागणार. आणि टेट संग्रहालयाच्या प्रमुखांनीं ही कला नव्हे, असा अभिप्राय दिला! वर्तमानपत्रांत ओरड झाली, पार्लमेंटांतही प्रश्न निघाला, आणि शेवटीं शिल्पें सुटलीं. दालनांत विक्री बेताचीच होई. चित्रकाराचा अगदींच हिरमोड होऊं नये म्हणून प्रत्येक प्रदर्शनांतील एकादी कृति बाई स्वतःच विकत घेत. संग्रहाचा पाया असा मित्रांच्या समजुतीसाठीं घातला गेला.

१९३९ सालीं लंडनमध्यें आधुनिक कलेचें संग्रहालय काढण्याचा त्यांनीं बेत केला. हर्बर्ट रीड या टीकाकारानें कोणाच्या कृति हव्या याची यादी करून दिली. इतक्यांत महायुद्ध पेटलें. बेत बारगळला, पण यादी बाईंच्या हातांत राहिली. त्या पॅरिसमध्यें होत्या, आणि रोज एक चित्र घ्यावयाचें असा त्यांनीं संकल्प सोडला. एरवीं चित्रकाराच्या दारांत विनवण्या कराव्या लागत. आतां चित्रकार व दलाल त्यांच्याच दारीं येऊं लागले. सर्वांना शहर सोडावयाचें होतें, आणि प्रवासाला रोख पैसा लागतो. एप्रिल १९४० मध्यें ज्या दिवशीं हिटलरनें नॉर्वेवर स्वारी केली, त्याच दिवशीं बाई फेरनां लेजेच्या घरीं चित्र खरेदी करीत होत्या.

ब्रांकुसीच्या ‘अवकाशांतील पक्षी’ या पितळी शिल्पासाठीं त्यांनीं बरीच घासाघीस केली. भांडण झालें, पुन्हां मनधरणी झाली. अखेर म्हाताऱ्यानें तो पक्षी आपल्या हातांनीं घासून लखलखीत केला. बाई तो न्यावयास गेल्या तेव्हां जर्मन सैन्य पॅरिसजवळ येऊन ठेपलें होतें, आणि ब्रांकुसीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतें. लाडका पक्षी जातो म्हणून तो रडत असावा, असा बाईंनीं आत्मचरित्रांत तर्क केला आहे. मराठी माणसाला हा पक्षी अगदींच परका नाहीं. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनीं त्याआधींच ब्रांकुसीकडून याच कल्पनेचे तीन पक्षी घेतले होते. त्यांच्यासाठीं इंदुरांत एक ध्यानमंदिर उभारावें म्हणून तो शिल्पकार तेथवर येऊनही गेला होता. मंदिर मात्र कागदावरच राहिलें.

जर्मन जवळ आले तेव्हां लूव्र संग्रहालय आपला ठेवा खेड्यापाड्यांतून सुरक्षित ठिकाणीं हलवीत होतें. तेथें एक घनमीटर जागा मिळेल, असें लेजेनें सुचविलें होतें. पण हीं चित्रें फारच नवीं आहेत, वांचविण्याच्या लायकीचीं नाहींत, असा निरोप आला. क्ले, कॅन्डिन्स्की, मिरो, डाली, एर्न्स्ट यांचीं तीं चित्रें! मग व्हिशीजवळच्या एका मैत्रिणीच्या घराच्या कोठारांत तीं लपविलीं. पुढें ग्रेनोबलच्या संग्रहालयानें तीं तळघरांत ठेवून घेतलीं. व्हिशी सरकारच्या भीतीनें तीं मांडण्याचें धैर्य मात्र झालें नाहीं. शेवटीं १९४१ सालीं तीं बाईंच्या अंथरूण-पांघरुणांत गुंडाळून अमेरिकेला रवाना झालीं.

चित्रांबरोबर माणसेंही वांचवावयाचीं होतीं. बाई स्वतः ज्यू. त्यांचाही जीव धोक्यांत होता. तरी ब्रेतों, त्याची पत्नी व लहान मुलगी यांच्या प्रवासाचा खर्च त्यांनीं दिला, आणि मार्सेल्समध्यें निर्वासित कलावंतांना मदत करणाऱ्या व्हॅरिअन फ्रायच्या समितीलाही पैसे दिले. माक्स एर्न्स्ट हा जर्मन. फ्रेंचांनीं त्याला शत्रु म्हणून छावणींत कोंडलें होतें, आणि जर्मनांना तो नकोसा होता. जुलै १९४१ मध्यें बाई त्याला घेऊन विमानानें न्यूयॉर्कला पोंचल्या आणि वर्षअखेर त्यांनीं त्याच्याशीं लग्न केलें. तें लग्न फार टिकलें नाहीं. १९४३ च्या जानेवारींत बाईंनीं एकतीस स्त्रियांच्या कलाकृतींचें प्रदर्शन भरविलें. त्यांतल्याच डोरोथिआ टॅनिंग या चित्रकर्त्रीवर एर्न्स्टचें मन बसलें. प्रदर्शनांत तीसच स्त्रिया घेतल्या असत्या तर बरें झालें असतें, असें बाई पुढें विनोदानें म्हणत.

तें दालन ‘आर्ट ऑफ धिस सेंचरी’ ऑक्टोबर १९४२ मध्यें उघडलें होतें. फ्रेडरिक किस्लर या कारागिरानें अतिवास्तववादी चित्रांसाठीं वांकड्या लाकडी भिंती रचल्या. चित्रें चौकटीविना भिंतीपासून पुढें आलेल्या दांड्यांवर तरंगत. दोन्ही पंथांना समान मान म्हणून बाईंनीं उद्घाटनाला एका कानांत अतिवास्तववादी तांगीचें, तर दुसऱ्या कानांत अमूर्त शिल्पें करणाऱ्या काल्डरचें कुंडल घातलें होतें. येथेंच त्यांनीं जॅक्सन पोलॉक या अप्रसिद्ध तरुणाला महिना १५० डॉलर बांधून दिले. त्याच्याकडून घरासाठीं करवून घेतलेलें प्रचंड भित्तिचित्र त्यांनीं पुढें आयोवा विद्यापीठाला दान केलें.

१९४८ सालीं व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनांत, यादवीमुळें रिकाम्या राहिलेल्या ग्रीसच्या दालनांत, हा संग्रह युरोपला पुन्हां दिसला. मग बाईंनीं तेथील मोठ्या कालव्यावरचा एक अर्धवट बांधलेला महाल घेतला, आणि १९५१ पासून ठराविक दिवशीं आपलें राहतें घर लोकांसाठीं उघडें ठेवलें. निजावयाच्या खोलींतला काल्डरनें घडविलेला चांदीचा पलंगमाथाही प्रेक्षक पाहून जात. १९७६ सालीं संग्रह त्यांनीं आपल्या काकांच्या नांवें असलेल्या संस्थेला दिला. डिसेंबर १९७९ मध्यें त्या वारल्या. त्यांची रक्षा त्याच बागेंत, लाडक्या कुत्र्यांशेजारीं ठेवलेली आहे.

आतां आरंभींचा प्रश्न. पॅरिसमधली ती खरेदी सौदा होती, यांत संशय नाहीं; बाई हिशोबी होत्या आणि दर पाडून मागत. परंतु त्या वसंत ऋतूंत ब्रांकुसीच्या दारांत तेवढी किंमत देणारें दुसरें कोण उभें होतें? ज्यांचें कामच कला जपण्याचें, त्यांनीं ही कला नव्हे असें म्हटलें; आणि एका हौशी बाईनें मित्रांच्या शब्दावर विश्वास ठेवून ती उचलली. त्यांतले कांहीं मित्र दुरावले, एकाशीं तर घटस्फोट झाला. तरी त्यांचीं चित्रें बाईंनीं भिंतीवरून उतरविलीं नाहींत. एर्न्स्टचीं चित्रें आजही त्या महालांत आहेत. आश्रय आणि सौदा यांची सीमारेषा काढावयाची असेल, तर ती तेथें काढावी, असें मला वाटतें.