सेंट पँक्रस स्थानकातील आयसीई-३ (२०१०)

जर्मन रेल्वेची आयसीई-३ ही अतिवेगवान गाडी १९ ऑक्टोबर २०१० रोजी लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकात प्रदर्शनासाठी उभी करण्यात आली. चॅनल बोगद्यातून ब्रिटनमध्ये आलेली ही पहिली आयसीई गाडी होय. तत्पूर्वी, आणीबाणीत प्रवाशांना बोगद्याबाहेर काढण्याची चाचणी घेण्यात आली होती. सुमारे २०० मीटर लांबीचे दोन संच जोडले तरी एकातून दुसऱ्यात जाता येत नाही, हा त्यामागील एक आक्षेप होता. स्थानकाच्या १८६८ सालच्या भव्य लोखंडी कमानीखाली तांबड्या पट्ट्याची ही शुभ्र गाडी टिपण्यासाठी रेल्वेप्रेमी छायाचित्रकार जमले. नियोजित फ्रँकफुर्ट–लंडन सेवा २०१३ मध्ये सुरू व्हायची होती. ती झालीच नाही, म्हणून या छायाचित्रांना दस्तऐवजाचे मोल आहे. युरोस्टारने २०१५ मध्ये सेवेत आणलेली ई३२० गाडी मात्र आयसीई-३ वरूनच विकसित झालेल्या वेलारो कुळातील आहे.